हार्ड डिस्कवाला जुना लॅपटॉप: भंगारात देण्याआधी एवढं करा

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०च्या नेहमीच्या मोफत अपडेट थांबल्या आणि घराघरांतले चालते लॅपटॉप एका दिवसात म्हातारे ठरले. विंडोज ११ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. त्यामुळे २०१३ ते २०१७च्या दरम्यान घेतलेली बहुतेक यंत्रं यादीबाहेर पडली. मला स्क्रू खोलायची खाज आहे हे सोसायटीत सगळ्यांना ठाऊक असल्याने असे लॅपटॉप फिरून फिरून माझ्याकडे येतात. मागणीही ठरलेली असते: "फार स्लो झालाय रे, जरा फॉरमॅट मारून दे."

फॉरमॅट मारून काही आठवडे बरं वाटतं, मग पुन्हा तेच रडगाणं. माझं मत स्पष्ट आहे. दहा वर्षं जुना आय३ किंवा आय५ प्रोसेसर ब्राउझर, पत्रलेखन, हिशेबाच्या शीट आणि व्हिडिओ यांना आजही पुरतो. पुरत नाही ती हार्ड डिस्क. लॅपटॉपमधली नेहमीची डिस्क मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ११ मिलिसेकंद. हवी ती माहिती वाचणाऱ्या डोक्याखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा थांबायचं, त्याआधी ते डोकं योग्य पट्ट्यावर सरकवायचं. सेकंदाला साठ-सत्तर वेळा एवढंच तिला जमतं. सुरू होताना विंडोज मात्र हजारो छोट्या फाइली मागत असतं. तिच्या जागी बसवायच्या एसएसडीत, म्हणजे चिपांवर माहिती साठवणाऱ्या ड्राइव्हमध्ये, फिरणारं काहीच नाही, त्यामुळे ती अशा मागण्या सेकंदाला हजारोंनी पुरवते. फरक इथेच पडतो. जाहिरातीत छापलेल्या 'एमबी प्रति सेकंद'चा इथे फारसा संबंध नाही.

आधी तपासणी, मग खर्च

लॅपटॉप सुरू करून पाच मिनिटं काहीही न करता बसा. मग कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि 'परफॉर्मन्स'मध्ये जा. डिस्क १०० टक्क्यांवर चिकटली आहे आणि सीपीयू (म्हणजे प्रोसेसर) मात्र दहा-वीस टक्क्यांवर निवांत आहे, असं चित्र दिसलं तर हा लेख तुमच्यासाठीच आहे. मेमरी ९० टक्क्यांच्या वर असेल तर रॅमही वाढवावी लागेल.

तिसरी शक्यता फार जणांच्या लक्षात येत नाही. सीपीयूचा वेग काहीही केलं तरी ०.८ गिगाहर्ट्झच्या आसपास अडकून राहिला असेल, तर चार्जर बघा. काही कंपन्यांचे लॅपटॉप चार्जर आपलाच आहे का हे एका बारीक पिनेवरून ओळखतात. ओळख पटली नाही तर ते बॅटरी चार्ज करत नाहीत आणि प्रोसेसरही मुद्दाम हळू चालवतात. 'चार्जर बदलल्यापासून स्लो झालाय' असं कुणी म्हणालं तर हसण्यावारी नेऊ नका.

मग क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर उतरवून डिस्कची तब्येत बघा. तीनच ओळी महत्त्वाच्या: ०५, सी५ आणि सी६. पहिली खराब होऊन बदललेल्या जागा मोजते, दुसरी वाचता न आल्यामुळे ताटकळलेल्या जागा, तिसरी दुरुस्त न होणाऱ्या. या ओळींच्या शेवटच्या रकान्यात शून्याखेरीज काही असेल, विशेषतः सी५समोर, तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी फाइली बाहेर काढा. अशा डिस्कवर डीफ्रॅग किंवा 'एरर चेकिंग' चालवणं म्हणजे तिला शेवटचा धक्का देणं.

थांबायच्या जागाही सांगतो. ३२ जीबीचं ईएमएमसी स्टोरेज बोर्डावरच डकवलेलं असेल, तर बदलण्यासारखं आत काही नसतं. बिजागरी तुटून बॉडी फाटलेली असेल तर खर्च वाढत जातो. आणि टचपॅड वर उचललेलं किंवा खालचं झाकण फुगलेलं दिसलं, तर बॅटरी फुगली आहे. चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा, दाबून बसवायचा प्रयत्न करू नका. बॅटरी निघेपर्यंत पुढचं काम नाही.

काय काय बाहेर काढायचं

डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डाउनलोड्स हे सगळेच कॉपी करतात. राहतं ते दुसरंच. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड, टॅलीचा डेटा फोल्डर, आउटलुकच्या मेलची फाइल. आणि मराठी घरांत हमखास राहणारी गोष्ट म्हणजे फाँट. युनिकोडच्या आधी श्रीलिपी किंवा सीडॅकच्या डीव्ही-टीटी सुरेख, डीव्ही-टीटी योगेश अशा फाँटांत टाइप केलेली सोसायटीची इतिवृत्तं, लग्नपत्रिका, आजोबांचे लेख अजून हार्ड डिस्कवर पडलेले असतात. तो फाँट नसेल तर उघडल्यावर नुसती रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते. म्हणून विंडोजमधला संपूर्ण 'फाँट्स' फोल्डर कॉपी करून घ्या. वेळ मिळाला की ती कागदपत्रं युनिकोडमध्ये बदलून ठेवा. परिवर्तक मोफत मिळतात, फक्त जोडाक्षरं एकदा नजरेखालून घालावी लागतात.

बिटलॉकर (डिस्कला कुलूप घालणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या. ती नसेल तर डिस्क बाहेर काढल्यावर तुमचाच डेटा तुम्हाला दिसणार नाही.

खरेदी

मॉडेल नंबर खालच्या चिकटपट्टीवर असतो. तो टाकून कंपनीचं सर्व्हिस मॅन्युअल शोधा. आत काय बसतं, किती बसतं, कुठला स्क्रू कुठे आहे हे त्यात चित्रांसह असतं. यूट्यूबच्या व्हिडिओपेक्षा मला ते जास्त भरवशाचं वाटतं, कारण व्हिडिओवाले अवघड जागा नेमकी कापतात.

या काळातल्या बहुतेक लॅपटॉपना अडीच इंची साटा एसएसडी, म्हणजे जुन्या डिस्कच्याच जोडणीवर बसणारी, लागते. जाडी सात मिलिमीटर असते. जुनी डिस्क साडेनऊ मिलिमीटरची असेल तर सोबत प्लास्टिकची चौकट येते किंवा वेगळी मिळते. एम.२ (पट्टीसारख्या छोट्या कार्डाची) खाच दिसली म्हणून लगेच एनव्हीएमई, म्हणजे साटापेक्षा वेगवान प्रकारची एसएसडी, घेऊ नका. २०१५-१६च्या कित्येक यंत्रांत ती खाच फक्त साटा ओळखते आणि काहींत ती वाय-फाय कार्डाची असते. मॅन्युअल बघूनच ठरवा. घरगुती वापराला २५० जीबीच्या आसपासची पुरते, फोटोंचा संग्रह असेल तर ५०० जीबी.

रॅमचं थोडक्यात: डीडीआर३एल १.३५ व्होल्टवर चालते, साधी डीडीआर३ १.५वर, डीडीआर४ १.२वर. डीडीआर३ आणि डीडीआर४च्या खाचाच वेगळ्या असल्याने चुकीची बसणार नाही, पण डीडीआर३एलच्या जागी साधी डीडीआर३ मात्र बसते आणि मग यंत्र सुरूच होत नाही. ४ जीबीची ८ करा. १६ची गरज नाही. २०२५च्या अखेरीपासून मेमरीचे भाव चढलेले आहेत, त्यामुळे रॅम वापरलेली घेतली तरी हरकत नाही. एसएसडी मात्र नवी आणि बिलासकट घ्या.

मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्लीचा परिसर, ही हिंडून घ्यायची ठिकाणं. अवजारं तिथे हाताळून घेता येतात. ऑनलाइन घेताना अविश्वसनीय स्वस्त '२ टीबी' एसएसडी आणि पेनड्राइव्हपासून लांब राहा. अशांच्या आत छोटी चिप असते आणि ती संगणकाला खोटी क्षमता सांगते. पूर्ण भरेपर्यंत कळत नाही. एच२टेस्टडब्ल्यू हे छोटं सॉफ्टवेअर आख्खी ड्राइव्ह भरून परत वाचतं आणि खोटेपणा उघडा पाडतं. नवीन पेनड्राइव्हवर मी ते आधी चालवतो.

आणखी लागेल ते: पीएच० आणि पीएच०० मापाचे स्क्रूड्रायव्हर, निरुपयोगी एटीएम कार्ड, मऊ ब्रश, थर्मल पेस्टची छोटी ट्यूब, आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि जुनी डिस्क घालायला यूएसबी केसिंग.

उघडताना

भरपूर उजेडाचं टेबल घ्या. गालिचावर बसून हे काम करू नका, विशेषतः थंडीत देशावरची हवा कोरडी असते तेव्हा. स्थिर विजेचा चटका आपल्याला जाणवतही नाही, चिपला पुरतो.

लॅपटॉप पूर्ण बंद करा. झाकण मिटून झोपवलेला नव्हे, बंद. चार्जर काढा, बॅटरी बाहेरची असेल तर तीही काढा आणि पॉवरचं बटण वीसेक सेकंद दाबून धरा.

आता स्क्रू. सगळ्यांत जास्त घोटाळा यांचाच होतो, कारण ते दिसायला सारखे पण लांबीला वेगळे असतात. लांब स्क्रू छोट्याच्या जागी पिळला तर तो वर हाताच्या तळव्याखालच्या प्लास्टिकला टेंगूळ आणतो, कधी बोर्डालाच भोक पाडतो. माझी पद्धत अशी: थर्माकोलच्या तुकड्यावर पेनाने लॅपटॉपचा तळ काढायचा आणि जो स्क्रू जिथून निघाला तिथेच तो खोचायचा. मुलं, मांजर, पंखा यांपैकी काहीही आलं तरी क्रम मोडत नाही. काही स्क्रू रबरी पायांखाली, काही डीव्हीडी ड्राइव्हच्या कप्प्यात लपलेले असतात. झाकण एका जागी अडत असेल तर जोर लावू नका. तिथे स्क्रू शिल्लक आहे असं समजा.

सगळे निघाले की एटीएम कार्ड फटीत सरकवून कडेने फिरवा. खटके 'टक टक' करत सुटतात. पहिल्या वेळी तो आवाज काहीतरी मोडल्यासारखाच वाटतो. काही मॉडेलांत झाकणाऐवजी कीबोर्ड वर उचलावा लागतो आणि त्याखाली कागदासारखी रिबन केबल असते. ती ओढायची नाही. जोडणीवर एक बारीकशी काळी किंवा तपकिरी पट्टी असते, ती नखाने हलकेच वर केली की रिबन आपोआप सैल होते. परत बसवताना रिबन सरळ आत घालून पट्टी खाली दाबायची. कीबोर्डची काही बटणं नंतर चालेनाशी झाली तर नव्वद टक्के वेळा ही रिबन तिरकी बसलेली असते.

बॅटरी आत असेल तर झाकण उघडल्यावर पहिलं काम तिची जोडणी काढायचं. वायरी ओढू नका, प्लास्टिकच्या डोक्याला नखं लावून सरकवा.

डिस्क साधारण तीन-चार स्क्रूंनी पत्र्याच्या चौकटीत बसवलेली असते. चौकट उचला, डिस्क जोडणीपासून आडवी सरकवा, चौकट काढून एसएसडीला लावा आणि त्याच वाटेने परत. रॅमचे दोन्ही बाजूंचे पकडखटके बाहेर दाबले की ती तिरकी वर येते; नवी तशीच तिरकी घालून खाली दाबायची, सोनेरी कड जवळपास दिसेनाशी झाली पाहिजे.

उघडलाच आहे तर गोल सीमॉस बॅटरीकडेही बघून घ्या. बंद केल्यावर तारीख मागे जात असेल तर ती संपली आहे. बऱ्याच यंत्रांत ती सीआर२०३२ या साध्या नाण्याच्या आकाराची असते.

धूळ आणि पेस्ट

पंखा फिरताना दिसतो म्हणून हवा जाते असं नाही. पंखा आणि तांब्याच्या जाळीच्या मध्ये धूळ, केस आणि कापसाचे तंतू दाबून दाबून नमद्यासारखा थर झालेला असतो. बाहेरून फुंकर मारून तो निघत नाही. पंख्याचे स्क्रू काढून तो थर चिमट्याने अख्खा उचलावा लागतो. ब्रश किंवा हवेचा फवारा मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. घरातला व्हॅक्युम क्लीनर आत घालू नका.

कोकणातून किंवा मुंबईच्या खाडीकाठच्या घरांतून आलेल्या यंत्रांत धुळीपेक्षा दमट हवेचा त्रास जास्त दिसतो: जोडण्यांवर हिरवट थर, गंजलेले स्क्रू. रॅमच्या सोनेरी कडा मऊ खोडरबराने हलक्या पुसून मग अल्कोहोलने साफ केल्या, तर 'सुरूच होत नाही' म्हणून आलेला लॅपटॉपही कधीकधी सुरू होतो.

थर्मल पेस्ट बदलायची तर हीट सिंकच्या (प्रोसेसरची उष्णता वाहून नेणाऱ्या धातूच्या भागाच्या) स्क्रूंजवळ कोरलेले आकडे बघा. सोडवताना उलट क्रमाने, आवळताना सरळ क्रमाने, आणि प्रत्येक स्क्रू थोडा थोडा. जुनी वाळकी पेस्ट अल्कोहोलने पुसून चिपच्या मधोमध तांदळाच्या दाण्याएवढी नवी घाला. जास्त घालून जास्त थंड होत नाही. शेजारच्या चिपांवर रबरासारखे निळे-करडे पॅड असतील तर ते तसेच ठेवा, त्यांच्या जागी पेस्ट चालत नाही.

सगळं झाकण्याआधी बॅटरी जोडून एकदा सुरू करून बघा. बायॉसमध्ये (यंत्र सुरू होताना कळ दाबून उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) नवी एसएसडी आणि वाढलेली रॅम दिसली की मगच स्क्रू लावा.

आत काय टाकायचं

इथे घरातल्यांशी बोलून ठरवा. टॅली वापरात असेल किंवा डिजिटल सहीच्या टोकनवर सरकारी पोर्टलची कामं होत असतील, तर विंडोजच ठेवा. विंडोज १०चा परवाना मदरबोर्डाशी जोडलेला असतो, डिस्क बदलल्याने तो जात नाही. वाढीव सुरक्षा अपडेटसाठी मायक्रोसॉफ्टने घरगुती ग्राहकांना १३ ऑक्टोबर २०२६पर्यंतची योजना जाहीर केली होती, तिच्यात नोंदणी करा. त्यापलीकडे त्या यंत्रावर बँकेचे व्यवहार करू नयेत असं मी सांगतो. जुनी डिस्क जशीच्या तशी क्लोन करण्यापेक्षा नव्याने टाकलेलं बरं. क्लोनसोबत दहा वर्षांचा कचराही येतो.

बाकी सगळ्यांसाठी माझी पसंती लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी मोफत प्रणाली. ४ जीबी रॅम असेल तर एक्सएफसीई आवृत्ती, ८ असेल तर सिनॅमन. २२ क्रमांकाच्या मालिकेला २०२९पर्यंत अपडेट मिळणार आहेत. विंडोजची सवय असलेल्या माणसाला खालची पट्टी, डाव्या कोपऱ्यातला मेनू, उजव्या कोपऱ्यातलं घड्याळ ओळखीचंच वाटतं. सासूबाईंना तर मी वेगळं काही टाकलंय हे सांगावंच लागलं नाही.

दुसऱ्या चालत्या संगणकावर मिंटची आयएसओ फाइल (इन्स्टॉल करायची अख्खी प्रणाली असलेली) उतरवा, ती नीट उतरली का हे संकेतस्थळावर दिलेल्या चेकसमशी (पडताळणीच्या आकड्याशी) ताडून बघा आणि रूफस किंवा बलेना एचरने ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवा. पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जाईल. लॅपटॉप सुरू होताना बूट मेनूची कळ दाबा: डेल आणि लेनोव्होला एफ१२, एचपीला एफ९, आसुसला एस्केप, एसरला एफ१२, पण एसरमध्ये ती आधी बायॉसमध्ये चालू करावी लागते.

पेनड्राइव्हवरून मिंट सुरू झालं की लगेच इन्स्टॉल दाबू नका. आधी वाय-फाय, आवाज, कॅमेरा, टचपॅड, उजेड कमी-जास्त करायची बटणं आणि झाकण मिटून उघडल्यावर यंत्र नीट जागं होतं का, हे बघा. वाय-फाय दिसत नसेल तर फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, म्हणजे फोनचं इंटरनेट लॅपटॉपला मिळतं; इन्स्टॉल झाल्यावर 'ड्रायव्हर मॅनेजर' हवा तो ड्रायव्हर आणून देतो. मग इन्स्टॉल. मल्टिमीडिया कोडेकच्या चौकटीत टिक करा, 'इरेज डिस्क' निवडा. आत नवी रिकामी एसएसडीच आहे, त्यामुळे पुसलं जाण्यासारखं काही नाही. जुनी डिस्क बाहेर काढूनच हे करण्याचा हा मोठा फायदा.

पहिल्यांदा सुरू झाल्यावर अपडेट मॅनेजर पूर्ण चालवा, मग टाइमशिफ्टमध्ये एक स्नॅपशॉट घ्या. पुढे कुणी काही बिघडवलं तर त्या दिवसावर परत येता येतं. कॉपी केलेल्या जुन्या मराठी फाँटच्या टीटीएफ फाइलींवर डबल क्लिक करून 'इन्स्टॉल' दाबलं की त्या बसतात.

मराठी टायपिंगसाठी कीबोर्डच्या सेटिंगमध्ये 'लेआउट्स'ला जाऊन मराठी जोडा. इन्स्क्रिप्ट हा भारतीय भाषांचा प्रमाण आराखडाही आहे आणि रोमन उच्चारावर चालणारा कगप नावाचाही. पुढे वर्षानुवर्षं मराठीत लिहायचं असेल तर इन्स्क्रिप्ट शिका. 'ळ'ला शिफ्ट-एन, आणि 'दऱ्या'मधल्या अर्ध्या र साठी शिफ्ट-जे, मग डी, मग य ची कळ, म्हणजे तिरपी रेघ.

राहिलेलं

चार्जर नवा घ्यावा लागला तर व्होल्ट तंतोतंत तेच हवेत, अँपिअर तेवढेच किंवा जास्त. तीन पिनांच्या चार्जरला दोन पिनांचा अडॅप्टर लावून अर्थिंग तोडू नका. धातूच्या बॉडीला हात लावल्यावर मुंग्या येतात त्या बहुधा यामुळेच.

जुनी डिस्क लगेच पुसू नका. केसिंगमध्ये घालून महिनाभर बाजूला ठेवा. 'अरे, ती पीडीएफ राहिली' असा फोन येतोच. त्यानंतर ०५, सी५, सी६ तिन्ही शून्य असतील तर ती फोटोंची दुसरी प्रत ठेवायला वापरा, एकमेव प्रत ठेवायला नाही. आकडे वाईट असतील तर मिंटच्या 'डिस्क्स'मधून शून्यांनी पूर्ण पुसा आणि अधिकृत ई-कचरा संकलकाकडे द्या. पुसताना मध्येच अडकत असेल तर डिस्क उघडून आतल्या चकत्यांवर स्क्रूड्रायव्हरने खोल ओरखडे काढा, मगच द्या. लॅपटॉपच्या चकत्या बहुधा काचेच्या असतात, तेव्हा हातमोजे आणि चष्मा लावून आणि डिस्क जाड फडक्यात धरून.